हात लावून बघा ना!

उल्हासनगर म्हटलं की समोरच्याच्या तोंडून पहिलं वाक्य काय येणार, हे आम्हा कॅम्पवाल्यांना पाठ झालंय. 'मेड इन यूएसए'! म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा हा हा. मग डुप्लिकेट जीन्स, मग ट्रॅफिक, मग वालधुनीचा वास. झालं, संपलं उल्हासनगर!

पण मंडळी, या वेळी मी तुम्हाला माझा कॅम्प २ जरा वेगळ्या उंचीवरून दाखवणार आहे. फक्त एक मीटरवरून. पाच वर्षांचं मूल साधारण ११० सेंटीमीटर उंच असतं आणि त्याचे डोळे जमिनीपासून मीटरभर वर असतात. तुमच्या-आमच्या कमरेच्या आसपास. या उंचीवरून नेहरू चौक कसा दिसतो, कधी बघितलाय? मी बघितलाय. कारण तो माझा होमवर्क होता.

खेळणी बनवायला डिग्री?

सध्या मी मुंबईतल्या एका चिल्ड्रन्स म्युझियममध्ये इंटर्न आहे. सोबत शिक्षण चालू आहे, अर्धं चाइल्ड डेव्हलपमेण्टचं आणि अर्धं डिझाइनचं. हे ऐकल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मामा म्हणाला, "म्हणजे बालवाडीच्या बाई होणार ना? सरळ सांग की!" बिल्डिंगमधल्या आंटी म्हणाल्या, "बेटा, खेळणी बनवायला डिग्री कशाला? उल्हासनगरमध्ये तर सगळंच बनतं." आईचा प्रश्न त्याहून सोपा होता, "अगं, पण पगार किती?"

तर फंडा क्लिअर करते. म्युझियम म्हटलं की आपल्याला काचेचं कपाट, पिवळा बल्ब आणि 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी आठवते. चिल्ड्रन्स म्युझियममध्ये सगळं याच्या उलट. इथे हात लावायचाच असतो. ही आयडिया आजकालची नाही हं. जगातलं पहिलं चिल्ड्रन्स म्युझियम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली सुरू झालं. पण खरी धमाल केली ती बॉस्टनच्या म्युझियमनं. १९६२ मध्ये मायकेल स्पॉक तिथे डायरेक्टर झाले. बाळांच्या संगोपनावरचं जगभर गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. त्यांना स्वतःला लहानपणी वाचायला खूप जड जायचं, कारण डिस्लेक्सिया. छापलेल्या ओळींपेक्षा वस्तूंमधून जास्त शिकणारा हा माणूस. त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू कापून, उघडून 'आत काय आहे?' हेच प्रदर्शन म्हणून मांडलं आणि काचा बाजूला सारल्या. आज जगभरात मुलं म्युझियममध्ये जी उचकापाचक करतात, तिच्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडेही हे नवं नाही. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये मुलांचा सायन्स पार्क १९७९ सालीच सुरू झाला आणि पूर्ण सेंटर १९८५ मध्ये उघडलं. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१९ मध्ये आवारात मुलांसाठी वेगळं म्युझियम काढलं. २०२३ मध्ये लोअर परळला 'म्युझियम ऑफ सोल्युशन्स' आलं. म्हणजे मुंबईतल्या मुलांची चंगळच की!

पण इंटर्नचं काम म्हणजे मुलांबरोबर दिवसभर खेळणं, असं वाटत असेल तर सॉरी. निम्मा वेळ आम्ही भिंतीला टेकून नुसतं बघत असतो. हातात ऑब्झर्वेशन शीट. मूल कुठे थांबलं, किती वेळ थांबलं, आधी डोळे गेले की आधी हात, कुणाला हाक मारली, परत आलं का. 'मुलाला मजा आली' असं लिहायला सक्त मनाई! मजा कुणाला दिसते? थांबणं दिसतं, परत येणं दिसतं. तेच लिहायचं. उरलेला वेळ टेबलाची उंची, कोपऱ्यांची गोलाई आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात काय अडकू शकतं याचा हिशेब. त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं सिलिंडर असतं. जी वस्तू त्यात पूर्ण मावली, ती त्या वयाच्या हातात द्यायची नाही. विषय संपला.

एक मीटरवरून कॅम्प २

आता होमवर्क. आमच्या मेण्टर ताईंनी सांगितलं, "आपापल्या एरियात जा आणि मुलाच्या उंचीवरून एक रविवार काढा." बाकीच्या इंटर्न मुली माटुंगा, पार्ला, ठाण्याच्या. कुणाकडे गार्डन, कुणाकडे सोसायटीचं प्ले एरिया. माझ्याकडे कॅम्प २!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा फ्लॅशबॅक. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ब्रिटिशांचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख लोकांना याच बराकींमध्ये जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले, कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. पाच कॅम्पांचे आकडे मात्र तसेच राहिले. म्हणून आजही आम्ही पत्ता सांगताना 'दोन नंबर' म्हणतो आणि बाहेरची माणसं दचकतात.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या होती ५ लाख ६ हजार ९८. जागा किती? सुमारे १३ चौरस किलोमीटर. भागाकार करा, म्हणजे इथे मोकळ्या जागेला काय भाव आहे ते कळेल. गोल मैदान आहे, नावाप्रमाणे गोल. संध्याकाळी तिथे वॉकवाले आजोबा, क्रिकेटवाले दादा आणि भेळवाले भय्या अशी सगळी गर्दी. त्यात चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येते ती फक्त कडेची जागा.

तर रविवारी सकाळी दाल-पकवान हाणून मी निघाले. सोबत माझी भाची, वय वर्षं पाच. ती पुढे, मी मागे शीट घेऊन. एक मीटर उंचीवर पाट्या दिसत नाहीत. गाळ्यांची नावं दिसत नाहीत. दिसतात ते उघड्या शटरच्या आतले माणसांचे पाय, शिलाई मशीनचे पट्टे, कापडाच्या ताग्यांची गोल तोंडं आणि जमिनीवर पडलेल्या हजार वस्तू. रिकामी रिळं, रंगीत कातरण, तुटकी बटणं, एका बाजूनं फाटलेल्या चेनी. आपल्याला कचरा वाटतो. भाची दर चार पावलांवर थांबत होती. नेहरू चौकापासून गजानन मार्केटपर्यंतच्या रस्त्याला मोठ्या माणसाला लागतात काही मिनिटं. आम्हाला लागला पाऊण तास. शीटवर 'थांबली' या रकान्यात एकोणीस खुणा झाल्या. म्युझियममध्ये एका मुलाच्या नावावर इतक्या खुणा पडल्या ना, तर आम्ही इंटर्न पार्टी मागू!

पण दुसरा रकाना होता 'हात लावला'. त्यात फक्त दोन खुणा. कारण प्रत्येक वेळी वरून आवाज यायचा, "बेटा, हाथ मत लगाना." दुकानदारांचंही बरोबर आहे. माल त्यांचा, नुकसान त्यांचं, गिऱ्हाईक दारात उभं. रागावून कुणी बोलत नव्हतं, एकानं तर गोळीही दिली. पण हात मागे घ्यायला मात्र पोरगी सतरा वेळा शिकली.

गज, कापड आणि पियाजे

दोनपैकी एक खूण मात्र सॉलिड होती. जपानी बाजारातल्या एका कापडवाल्या काकांनी भाचीच्या हातात चक्क मोजायचा लोखंडी गज दिला. तिनं गज धरला, काकांनी कापड. एक मीटर झालं. काकांनी तेच कापड चार घड्या घालून तिच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "अब कितना है?"

"कमी झालं," भाची ठामपणे म्हणाली. काका हसले. त्यांनी कापड उलगडून परत गजाला लावलं. ती बघत राहिली. मग तिनं स्वतः घडी घातली, उघडली, मोजली. परत घडी. असं पाच वेळा.

आमच्या पुस्तकात हे सगळं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या नावावर आहे. एखाद्या गोष्टीचा आकार बदलला तरी तिचं माप तेच राहतं, ही समज लहान मुलांना नसते. साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास ती येऊ लागते. ती कुणी सांगून येत नाही, वस्तू हाताळून, तपासून येते. हाच प्रयोग आम्ही कॉलेजात मातीचे गोळे आणि पाण्याचे ग्लास घेऊन करतो. इथे काकांनी गिऱ्हाईक सांभाळत सांभाळत तीन मिनिटांत करून दाखवला. त्यांना पियाजे कोण हे माहीत असण्याची गरजच पडली नाही.

त्याच दिवशी माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. चिल्ड्रन्स म्युझियमला जे सामान विकत आणावं लागतं, ते कॅम्प २ मध्ये पायाखाली पडलंय. जे समजावून सांगावं लागतं, ते इथले कारागीर रोज हातानं करतायत. इथे नाहीये ती एकच गोष्ट, हात लावायची परवानगी.

रविवारचा भाव

मग मला प्रश्न पडला, आमच्या गल्लीतली किती मुलं खऱ्या म्युझियममध्ये गेलीयत? विचारत सुटले. बहुतेकांचं उत्तर नाही असंच होतं. कारण आळस नाही, गणित आहे. उल्हासनगर ते सीएसएमटी सुमारे ५८ किलोमीटर. एका बाजूनं दीड तासाच्या आसपास. चौघांची तिकिटं, रिक्षा, प्रवेश, खाणं. आणि वर सगळ्यात महाग गोष्ट, रविवार. घरी बसून पीस रेटवर शिलाई करणाऱ्या एका वहिनींनी मला सरळ सांगितलं, "ताई, मी एक दिवस मशीनवर बसले नाही की त्या दिवसाचे पैसे गेले. मुलाला म्युझियम दाखवायचं म्हणजे तिकीटही द्यायचं आणि मजुरीही सोडायची."

यावर तुम्ही काय बोलणार? मी काहीच बोलले नाही. शीटवर लिहून घेतलं.

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात कुणीतरी आधी सोडवलाय, हे मला अभ्यासात भेटलं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता, आता पालघर. सोबत अनुताई वाघ. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली. शिकवायचं साधन काय? शंख, शिंपले, बिया, पानं, दगड. 'अंगणवाडी' हा आज देशभर सरकारी कागदांवर असलेला शब्द याच कामातून आलेला. आपण त्या शब्दाला इतके सरावलोय की त्यातलं अंगण दिसतच नाही.

दुसरे गुरू आहेत अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर. १९७० च्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवू लागले. नंतर पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंमधून खेळण्यांचा ढीग उभा केला. २०१८ मध्ये पद्मश्री. काडेपेटी म्हटलं की आम्हाला शेजारचं अंबरनाथ आठवतं. विम्कोचा कारखाना तिथलाच! पिढ्यान् पिढ्या काड्या आमच्या बाजूच्या स्टेशनवर बनल्या आणि त्यांची खेळणी झाली होशंगाबादला.

तिसरं नाव डिझाइनच्या वर्गातलं, सायमन निकोलसन. १९७१ मध्ये त्यांनी मांडलं की एखाद्या जागी सुटे भाग जितके जास्त, तितकी तिथे डोकं चालवायला संधी जास्त. पक्की बसवलेली घसरगुंडी एकच काम करते. सुट्या फळ्या, दोऱ्या, डबे शंभर कामं करतात. हे वाचताना मी आमच्या शेजारच्या अम्मांना सांगितलं. वय ऐंशीच्या पुढे. सहा वर्षांच्या असताना कराचीहून बोटीनं मुंबई आणि मग या बराकीत. त्या म्हणाल्या, "बेटा, एका बराकीत इतकी घरं, मध्ये गोणपाटाचे पडदे. खेळणं एक नाही. आम्ही रिकाम्या डब्यांना दोरी बांधून आगगाडी करायचो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या घरातून न्यायचो. कोणी ओरडायचं नाही." निकोलसन साहेबांच्या वीसेक वर्षं आधी हे कॅम्पात चालू होतं, घ्या!

चार टोपल्या, एक ओटा

तर पुढचा रविवार. अम्मांच्या घराचा ओटा, त्यावर चटई आणि चार टोपल्या. एकीत पुठ्ठ्याच्या नळ्या, दुसरीत रिकामी रिळं, तिसरीत कातरण, चौथीत चेनी. बटणांची टोपली वेगळी, वरच्या पायरीवर, फक्त मोठ्या मुलांसाठी. ते ३१.७ मिलिमीटर मी विसरत नाही! प्रत्येक वस्तू आधी तपासली, टोकं कापली, तेलकट रिळं धुतली. सामान दिलं बाजारातल्याच दुकानदारांनी, फुकट. एक म्हणाले, "ले जाओ बेटा, वैसे भी झाडू में जाता है."

पाटी एकच लावली, 'हात लावा'. हिंदीत, मराठीत आणि अम्मांनी सांगून सिंधीत.

पहिली पंधरा मिनिटं कुणी हातच लावेना. मुलं उभी, हात पाठीमागे. वर बघतायत, मोठं कुणी ओरडतंय का. मग एका मुलानं रीळ उचललं, थांबला, कुणी ओरडलं नाही. आणि पुढे दोन तास मला चहा प्यायला वेळ मिळाला नाही. रिळांची लोकल झाली, तिला नऊ डबे की बारा यावर भांडण झालं. नळ्यांमधून एकमेकांना फोन लागले. एक अडीच वर्षांची चिमुरडी एकच चेन वर-खाली, वर-खाली करत बसली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत इतकी बारीक वस्तू धरायची म्हणजे तिच्या वयाला जिमच आहे! एका मुलाला रिळात दोरा ओवता येईना. त्याच्या ताईनं फक्त दोऱ्याचं टोक ओलं करून दिलं, पुढचं त्यानं केलं. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की हेच सांगून गेले. एकट्याला जमत नाही पण जरा हात दिला की जमतं, त्या मधल्या पट्ट्यात मूल शिकत असतं.

आणि त्या पीस रेटवाल्या वहिनी? त्यांचं मशीन खिडकीत आहे. त्या दिवशी त्यांनी मजुरी सोडली नाही आणि मुलगाही समोर दिसत होता. मध्येच त्यांनी आतून ओरडून विचारलं, "ताई, मला जुन्या शर्टाच्या कॉलरी द्यायच्यात, चालतील?" चालतील काय, धावतील!

आमची शीट म्युझियममध्ये मांडली तेव्हा मेण्टर ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे इथे आणायचं की तिथे न्यायचं?" प्रश्न सोपा नाही. चांगल्या म्युझियममध्ये जे मिळतं ते ओट्यावर मिळत नाही. सावली, टॉयलेट, शिकलेली माणसं, महागडी उपकरणं, पाऊस आला तरी चालू राहणारा खेळ. पण फिरतं म्युझियम अशक्यही नाही. फोर्टातल्या संग्रहालयाची बस २०१५ पासून शाळाशाळांत फिरतेय की.

माझी इंटर्नशिप पुढच्या महिन्यात संपतेय. मुलांची ॲप बनवणाऱ्या एका कंपनीची ऑफर हातात आहे. एसी ऑफिस, चांगलं पॅकेज. आईनं पॅकेजचा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावलाय. दुसरीकडे म्युझियमला मी चार पानी प्रपोजल दिलंय. महिन्यातून एक रविवार, एक ओटा, चार टोपल्या, सुरुवात कॅम्प २ पासून. पगार त्या फ्रिजवरच्या आकड्याच्या निम्माही नाही. आईला परवा ओट्यावर घेऊन गेले. ती तासभर बसली, तीन पोरांना कातरणाच्या वेण्या घालायला शिकवल्या आणि घरी येताना म्हणाली, "एक वर्ष देते तुला. पुढच्या वर्षी परत बोलू." कागद अजून फ्रिजवरच आहे, पण होकार मी म्युझियमला कळवलाय.

तुमच्या ऑफिसच्या गोडाउनमध्ये पुठ्ठ्याच्या नळ्या पडल्या असतील ना? फेकू नका. तुमच्याच बिल्डिंगखाली एक चटई पसरा. पाटी काय लावायची, माहितीये.

कसं जाल?
अंबरनाथ, बदलापूर, कर्जत किंवा खोपोली लोकलनं उल्हासनगर स्टेशन. तिथून रिक्षानं नेहरू चौक, कॅम्प २. बाजार चालतच फिरा.

काय खाल?
सकाळी दाल-पकवान, दुपारी सिंधी कढी किंवा कोकी-दही. होळीच्या दिवसांत गेलात तर घियर चुकवू नका.

ही लाइन घ्यायचीय?
ह्यूमन डेव्हलपमेण्टसाठी मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन. डिझाइनसाठी पवईची आयडीसी, १९६९ पासून सुरू असलेली. खेळण्यांच्या डिझाइनचा खास अभ्यासक्रम एनआयडीमध्ये.

खेळणी विकत घेताना
१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. डबा उलटा करून आधी तो शोधा, मग रंग बघा.